मामांच्या गालातला पांढरा डाग, बायोप्सी झालीय, आता स्टेम सेल मार्करची टेस्ट करावी का?

भाची_सुदामानगर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होतंय पण पूर्ण वाचा प्लीज. माझे मामा, वय ५४, इंदूरलाच सीतलामाता बाजारात कपड्याचं दुकान. सकाळी शटर वर गेलं की पहिला पाउच आणि रात्री शटर पडेपर्यंत गालात काही ना काही असतंच, सुपारी तंबाखू मिक्स, वीस-पंचवीस वर्षं तरी झाली असतील. डाव्या गालाच्या आतून, दाढांच्या समोर, एक पांढरा जाडसर पट्टा आलाय. दुखत नाही म्हणून ते कोणाला बोललेच नाहीत, मामीने बघितला तेव्हा कळलं. ओल्या कापडाने पुसला तरी निघत नाही. आणि तोंडही पूर्ण उघडत नाही, सराफ्यात गेलो होतो तर पानीपताशा (पाणीपुरी) अख्खा आत जाईना, फोडून फोडून खात होते, तेव्हा मला खटकलं.

डेंटिस्टने बायोप्सी केली. रिपोर्टमध्ये आलंय ल्युकोप्लाकिया, म्हणजे पुसून न निघणारा पांढरा डाग, आणि मॉडरेट डिस्प्लेसिया, म्हणजे पेशींची ठेवण मध्यम प्रमाणात बिघडलेली. डॉक्टर म्हणाले कॅन्सर नाहीये, पण कॅन्सर होऊ शकतो असा डाग आहे, सगळं खाणं आजच बंद, डाग काढून टाकू आणि मग नियमित दाखवत राहायचं.

आता पुण्याचा मावसभाऊ म्हणतो की एवढ्यावर थांबू नका, ऑक्ट-४, सॉक्स-२, नॅनॉग अशा स्टेम सेलच्या (नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींच्या) जीन्सची टेस्ट होते, त्यावरून कळतं की हा डाग कॅन्सरमध्ये जाणार की नाही. एका प्रायव्हेट लॅबचा पत्ता पण दिलाय, खर्च बराच आहे. मी बायोटेकमध्ये बीएस्सी केलंय त्यामुळे नावं ओळखीची आहेत, पण गर्भाच्या पेशीतली जीन्स ५४ वर्षांच्या माणसाच्या गालात काय करतायत हेच डोक्यात बसत नाहीये. आणि खरंच त्यावरून एका पेशंटचं काही सांगता येतं का?

मामा म्हणाले, "करून टाक टेस्ट, निगेटिव्ह आली की टेन्शन संपलं, मग दिवसातून एखादा चालून जाईल." हे ऐकल्यापासून मला डागापेक्षा त्या टेस्टचीच जास्त भीती वाटतेय.

---

स्लाइडवाला_एमपी

ताई, मी ओरल पॅथॉलॉजीत आहे, इंदूरमध्येच, असे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले बायोप्सीचे तुकडे, रोज हातातून जातात. आधी सरळ उत्तर देतो. मामांसाठी ही टेस्ट करू नका. तुमची भीती अगदी रास्त आहे. आज या मार्करचा (खूण म्हणून बघायच्या जीन-प्रोटीनचा) निगेटिव्ह रिपोर्ट आला तरी त्यावरून डाग सुरक्षित आहे असं कोणीही प्रामाणिकपणे लिहून देऊ शकत नाही, आणि घरात मात्र तो कागद पाउच खायची परवानगी म्हणून वापरला जाईल.

आता जीन्सचं. गालाच्या आतलं अस्तर सतत झडत असतं आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत नवं येतं. ते येतं सगळ्यात खालच्या थरातून, बेसल लेयर म्हणतो आम्ही, तिथे थोड्या स्टेम सेल्स असतात. त्या विभागतात, काही पेशी तिथेच राहतात, बाकीच्या वर चढत चढत पक्व होतात, चपट्या होतात आणि गळून जातात. ऑक्ट-४ आणि नॅनॉग ही मुळात गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली जीन्स, पेशी अजून काहीच झालेली नाही, काहीही होऊ शकते, ती अवस्था टिकवणारी. २००६ मध्ये जपानच्या यामानाका यांनी उंदराच्या पक्व पेशींमध्ये ऑक्ट-३/४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक ही चार जीन्स घातली आणि त्या पेशी परत गर्भासारख्या अवस्थेत गेल्या, २०१२ चं नोबेल त्याचंच. त्यानंतर कॅन्सरवाल्यांनी हा प्रश्न जोरात धरला की ही जीन्स पक्व पेशीला मागे नेऊ शकतात तर ट्यूमरमध्ये, किंवा ट्यूमर व्हायच्या आधीच्या डागात, ती चालू झाली तर काय होत असेल? वाढायची ताकद, औषधाला दाद न देणं, परत परत येणं, हे सगळं त्याच्याशी जोडून बघायला सुरुवात झाली.

स्लाइडवर कसं दिसतं ते सांगतो म्हणजे अडचण कुठे आहे ते कळेल. मेणाच्या ब्लॉकमधून चार-पाच मायक्रॉनचा पापुद्रा कापतो, काचेवर घेतो, सॉक्स-२ ला चिकटणारी अँटीबॉडी टाकतो, मग रंग. जिथे प्रोटीन आहे तिथे न्यूक्लियस तपकिरी, बाकी सगळं निळं. नॉर्मल गालात तपकिरी ठिपके तळाच्या ओळीत आणि तिच्या जरा वर, मग विरून जातात. डिस्प्लेसियात बऱ्याचदा ते ठिपके वर चढलेले दिसतात, अर्ध्या जाडीपर्यंत, कधी त्याच्याही वर. कॅन्सरमध्ये काही केसेसमध्ये पूर्ण बेटंच्या बेटं तपकिरी. हे बघताना खरंच वाटतं की चोर सापडला. पण त्याच ट्रेमध्ये पुढची काच उचलली तर सरळसरळ कॅन्सर, आणि तपकिरी जवळजवळ नाहीच. आणि तिसरी काच साधी सुजेची, डिस्प्लेसिया नाही, तरी ठिपके वर गेलेले, कारण जखम भरताना पण पेशी वाढतातच.

म्हणून पन्नास नॉर्मल, पन्नास डिस्प्लेसिया, पन्नास कॅन्सर घेतले तर सरासरीत बऱ्याचदा चढती पायरी दिसते आणि पेपर होतो. एकट्या मामांची काच समोर ठेवली तर तीन गटांची आकडेवारी एकमेकांत इतकी मिसळलेली असते की त्यावरून हो किंवा नाही म्हणता येत नाही. कोणी दहा टक्के पेशींना पॉझिटिव्ह म्हणतं, कोणी रंगाचा गडदपणा गुणिले टक्केवारी असा स्कोअर काढतं, सगळ्यांनी मान्य केलेली कटऑफ नाही. जी टेस्ट एका लॅबमध्ये पॉझिटिव्ह आणि दुसऱ्या लॅबमध्ये निगेटिव्ह येऊ शकते तिच्यावर मामांचा गाल सोडू नका.

---

आरएनए_बडोदा

वरच्या सरांशी सहमत, लॅबच्या बाजूने थोडं जोडते. मी बडोद्याला मॉलिक्युलर बायोलॉजीत काम करते, माहेर इंदूरचं, त्यामुळे हा थ्रेड बघून राहवलं नाही.

एक म्हणजे ऑक्ट-४ हे जीन भयंकर फसवं आहे. त्याची स्यूडोजीन्स आहेत, म्हणजे जवळजवळ तशाच अक्षरांच्या निकामी कॉपी जीनोममध्ये दुसऱ्या ठिकाणी पडलेल्या आहेत, आणि आरटी-पीसीआर, म्हणजे जीन किती चालू आहे ते आरएनएवरून मोजायची टेस्ट, करताना प्रायमर (कुठला भाग वाढवायचा ते ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा) नीट निवडला नाही, आरएनए सॅम्पलमधला डीएनए साफ केला नाही, तर ती कॉपीच वाढते आणि मशीन सांगतं ऑक्ट-४ हाय. शिवाय त्याचे ए आणि बी असे प्रकार आहेत, स्टेमनेसशी (स्टेम सेलसारखं राहण्याशी) संबंध मुख्यतः ए चा, तो न्यूक्लियसमध्ये असतो. काही अँटीबॉडी दोन्हींना धरतात. त्यामुळे रिपोर्टवर नुसतं "ऑक्ट-४ पॉझिटिव्ह" लिहिलेलं असेल तर माझा पहिला प्रश्न असतो कुठला, कुठे दिसला आणि कशाने मोजला. हे त्या कागदावर नसेल तर तो कागद माझ्या दृष्टीने कोरा.

दुसरं सीडी-४४, पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रोटीन. हे नाव पण तुम्हाला त्या लॅबच्या यादीत दिसेल. २००७ मध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरमध्ये दाखवलं गेलं की ट्यूमरमधल्या सीडी-४४ असलेल्या पेशी, ज्या बहुतेक ट्यूमरमध्ये दहा टक्क्यांहून कमी होत्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टोचल्या की नवा ट्यूमर उभा करतात, बाकीच्या करत नाहीत. फार महत्त्वाचं काम, कॅन्सर स्टेम सेल ही कल्पना या कॅन्सरमध्ये तिथून पक्की झाली. पण सीडी-४४ नॉर्मल तोंडाच्या अस्तरातही भरपूर असतं! उंदरात पेशी वेगळ्या करायला उत्तम, काचेवर डाग चांगला की वाईट ठरवायला मात्र कच्चं.

आणि तिसरं, म्हणजे कोणी या संशोधनाला नावं ठेवू नये म्हणून. ल्युकोप्लाकियाचे जुने ब्लॉक काढून, कोणाला पुढे कॅन्सर झाला आणि कोणाला नाही हे बघून केलेली कामं आहेत, त्यात एएलडीएच-१, पोडोप्लॅनिन, बीएमआय-१ हे मार्कर पुढे कॅन्सर झालेल्यांच्या ब्लॉकमध्ये जास्त सापडलेत. सॉक्स-२ चं जीन तिसऱ्या क्रोमोसोमच्या लांब बाजूवर ३क्यू२६ ला बसतं आणि तोच भाग स्क्वेमस कॅन्सरमध्ये (अस्तराच्या चपट्या पेशींचा, तोंडात बहुतेक हाच) बऱ्याचदा जास्त कॉपीत सापडतो, म्हणजे हा धागा उगाचचा नाही. एकेका मार्करऐवजी दोन-तीन एकत्र आणि सोबत डिस्प्लेसियाची ग्रेड, अशा वाटेने पुढे काहीतरी हाती लागेल असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी शेकडो पेशंट वर्षानुवर्षं नीट फॉलो करायला लागतात, आणि आपल्याकडे पेशंट दुसऱ्या व्हिजिटलाच गायब होतो, हे दुखणं आहे.

---

पाउच_बंद

मी डॉक्टर वगैरे नाही. मला सबम्यूकस फायब्रोसिस आहे, गालाची आतली कातडी चामड्यासारखी होते आणि तोंड आखडत जातं ते. तुमच्या मामांना पानीपताशा जात नाही म्हणताय ना, मला तेच वाचून लिहावंसं वाटलं. माझं सुरू झालं ते जळजळीने. सकाळी पोह्यावर जिरावण आणि शेव घातली की तोंडात आग, मला वाटायचं ॲसिडिटी, गोळ्या खात बसलो. मग जांभई देताना गाल ओढल्यासारखा. डॉक्टरने माझीच तीन बोटं उभी एकावर एक तोंडात घालायला लावली, दोनच गेली.

मामांना ही तीन बोटांची गोष्ट घरी करून बघायला सांगा, आत्ताच. आणि जी बायोप्सी झाली ती फक्त पांढऱ्या डागाची झालीय, तोंड का आखडलंय ते डॉक्टरांना वेगळं विचारा, दोन्ही एकत्र असू शकतं असं मला सांगितलं होतं आणि एकत्र असेल तर जास्त सांभाळून राहायला लागतं.

सोडायचं म्हणाल तर दुकानदारीत हे फार अवघड, कारण गिऱ्हाईक येतं ते पण पुडी पुढे करतं, नाही म्हटलं की त्याला वाईट वाटतं. मी गल्ल्यात बडीशेप आणि लवंग ठेवायला लागलो, कोणी दिलं की आधी आपली डबी पुढे करायची. पाकिटावर जो क्विटलाइनचा नंबर असतो १८००-११-२३५६ तो टोल फ्री आहे, मी लावला होता, हिंदीत नीट बोलतात, नंतर स्वतःहून परत फोन पण येतो. सोडल्यावर जळजळ कमी झाली. तोंड मात्र आपोआप उघडलं नाही, व्यायाम आणि इंजेक्शनं घेऊन थोडं उघडलं, अजून करतोच आहे.

---

भाची_सुदामानगर

सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. पाउच_बंद दादा, बोटांचं करून बघितलं, मामांची पण दोनच गेली आणि ते एकदम गप्प झाले.

अजून एक अडचण आलीय. ते म्हणतायत तंबाखू सोडतो पण साधी सुपारी खातो, सुपारीत काय असतं, ती तर पूजेला पण लागते. यावर काय बोलू? आणि स्लाइडवाला सर, टेस्ट नाही तर मग डॉक्टरांना नक्की काय काय विचारू? पुढच्या भेटीला मीच सोबत जाणारेय.

---

राजवाडा_रहिवासी

सुपारीबद्दल मी सांगतो, मी शाळांमधून तंबाखूविरोधी कार्यक्रम घेतो. डब्ल्यूएचओची कॅन्सरवर काम करणारी संस्था आयएआरसी, तिने २००४ मध्येच सुपारी स्वतः, तंबाखूशिवाय, माणसात कॅन्सर करते असं जाहीर केलंय, पहिल्या गटात, म्हणजे ज्यात तंबाखू आहे त्याच गटात. तोंड आखडण्याचं मुख्य कारण तर सुपारीच. त्यामुळे "साधी" सुपारी असं काही नसतं, पूजेतली पूजेत राहू दे.

आपल्या मध्य प्रदेशने देशात सगळ्यात आधी, एप्रिल २०१२ ला, गुटख्यावर बंदी आणली, पण टपरीवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशी जोडी मिळायला लागली आणि लोक हातावरच मिसळून खातात. मुलांना मी हेच दाखवतो, दोन वेगळ्या पुड्या आणि एक तोंड.

---

स्लाइडवाला_एमपी

ताई, विचारायच्या गोष्टी लिहितो, फोनमध्ये ठेवा.

पहिलं, बायोप्सीचा तुकडा डागाच्या कुठल्या भागातून घेतला. डाग सगळीकडे सारखा नसतो. जिथे लालसर, खडबडीत किंवा जाड आहे तिथे सगळ्यात वाईट पेशी असायची शक्यता जास्त. नुसत्या पांढऱ्या गुळगुळीत कडेचा तुकडा असेल तर मॉडरेटच्या शेजारी सिव्हियर बसलेलं सुटू शकतं. टोल्युडीन ब्लू नावाचा निळा रंग लावून जागा निवडायला मदत होते, तो वापरला का ते पण विचारा. डाग पूर्ण काढला तर तो सगळाच्या सगळा तपासायला पाठवायला सांगा, कारण कधी कधी पहिल्या तुकड्यात नव्हतं ते पूर्ण डागात निघतं.

दुसरं, स्लाइड दुसऱ्या ओरल पॅथॉलॉजिस्टला दाखवून घ्या. माइल्ड, मॉडरेट, सिव्हियर यात आमच्यात मतभेद होतात, हे आमच्या विषयात सर्वांना माहीत आहे, आणि मॉडरेटवर तर सगळ्यात जास्त. मार्करसाठी जे पैसे काढले होते त्यातला अगदी थोडा भाग यात जाईल आणि निर्णय बदलू शकेल असं काहीतरी हाती येईल. सरकारी डेंटल कॉलेजमध्ये पण हे होतं.

तिसरं, ब्लॉक. ज्या लॅबमध्ये बायोप्सी तपासली त्यांच्याकडे मेणाचा ब्लॉक आणि काच आहे, ते मागता येतं, पावती करून देतात. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. उद्या आरएनए ताई म्हणतात तशी दोन-तीन मार्करची टेस्ट खरंच पक्की झाली तर याच ब्लॉकवर करता येईल, आज घाई करून काही हातचं जात नाही. नवीन बायोप्सीपण लागणार नाही.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाकीचं तोंड. १९५३ मध्ये स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तोंडात ट्यूमरच्या आजूबाजूचं, डोळ्यांना चांगलं दिसणारं अस्तरही बदललेलं असतं, त्याला फील्ड कॅन्सरायझेशन म्हणतात. वीस वर्षं रस सगळ्या गालाला, हिरडीला, जिभेच्या कडेला लागलाय. डाग काढला म्हणजे धोका शून्य झाला नाही, नवा डाग शेजारी किंवा समोरच्या गालात येऊ शकतो. म्हणून दर भेटीला दोन्ही गाल, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, टाळू, सगळं बघून हवं, आणि मॉडरेट असल्यामुळे पहिली काही वर्षं तरी तीन-तीन महिन्यांनी जाणं मला योग्य वाटतं. घरी खिडकीजवळ उभं करून महिन्यातून एकदा त्याच कोनातून फोटो काढा, तारीख टाकून ठेवा. फोटोत फरक वाटला, लाल झालं, घट्ट गाठ लागली, दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, तर तीन महिन्यांची वाट बघायची नाही.

बघणं ही छोटी गोष्ट वाटते ना? तिरुवनंतपुरमला प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसतं टॉर्चने तोंड बघितलं, संशयास्पद असेल त्यांना पुढे पाठवलं. २००५ मध्ये निकाल आले, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. कुठलं जीन नाही, मशीन नाही.

आणि तोंड आखडलंय त्याबद्दल, हलक्यात घेऊ नका. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात सबम्यूकस फायब्रोसिसचे ६६ पेशंट १७ वर्षं फॉलो केले होते, त्यातल्या ७.६ टक्क्यांना कॅन्सर झाला. म्हणजे बहुतेकांना झाला नाही, हेही मामांना सांगा, घाबरवून सोडायला लावलेलं टिकत नाही असा माझा अनुभव आहे. पण तोंड जितकं बंद तितकं आतलं कमी दिसतं, आम्हालाही, हे मोठं कारण आहे व्यायाम न चुकवण्याचं.

---

आरएनए_बडोदा

ब्लॉकचं लाख मोलाचं. जोडीला एक, ब्लॉक घरी आणलात तर उन्हात किंवा फ्रिजवर ठेवू नका, इंदूरच्या मेमध्ये मेण मऊ पडतं. पाकिटात घालून गार कोरड्या कपाटात, नंबर दिसेल असा.

---

भाची_सुदामानगर

सर, ताई, सगळं लिहून घेतलंय. मावसभावाला थ्रेडची लिंक पाठवली, तो म्हणाला ठीक आहे, स्लाइडचं दुसरं मत आधी. मामांना मी टेस्ट नाही म्हणून सांगितलं तेव्हा चिडले, पण बोटांचं झाल्यापासून पाउच दुकानात आला नाहीये असं मामी म्हणाली. साध्या सुपारीवर अजून अडून आहेत, ती मामीने देवघरातून उचलून वर माळ्यावर ठेवलीय.

शनिवारी जातोय. पाउच_बंद दादा, तोंडाचे व्यायाम कुठले करता, आइसक्रीमच्या काडीसारख्या लाकडी पट्ट्या एकावर एक ठेवतात तेच का? मामांना कोणी आपल्यासारख्याने सांगितलं तर पटेल, एकदा बोलाल का त्यांच्याशी?

---

पाउच_बंद

हो, त्याच पट्ट्या, पण किती ठेवायच्या आणि किती वेळ ते डॉक्टरकडून शिकूनच करा, जोर लावला तर आतून फाटतं. मामांशी बोलतो की, नंबर मेसेजमध्ये टाका. दुपारी दोन ते चार बाजार थंड असतो, तेव्हा करतो फोन.